महालक्ष्म्यांपुढचं इस्फहान

मशीद मी सरळ ठेवली, तिथंच घोळ झाला. करवंटीला नीळ फासून घुमट इतका झकास साधला होता, की मशिदीचं तोंड कुणीकडं असावं हा प्रश्नच मला पडला नाही.

निजामाच्या कचेरीत चिकटायचं तर फार्सी हवी, म्हणून पोरवयात मला बीडमधल्या एका उस्तादांकडं धाडलं होतं. ते मूळचे इराणातल्या इस्फहानचे. फार्सी मला बेताचीच आली, इस्फहान मात्र पाठ झालं. ते भलंमोठं मैदान, निळी मशीद, नदीवरचा कमानींचा पूल. पुढं मी पाटोद्यापलीकडं कधी गेलो नाही, पण कचेरीत इस्फहानच्या वाटा सांगायचो.

हा घोळ झाला त्या साली उस्ताद फार थकले होते. एकदा म्हणाले, "मैदान याद हाय बेटा, पूल याद हाय. घराची गल्लीच हरवली. लई शोधतो, सापडत न्हाई."

म्हणून भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढची आरास मी अंगावर घेतली. एरवी तिथं शेत, बैल, विहीर असायची. मी ओसरीवर इस्फहान वसवलं. परातीत नदी; चिखलात अर्ध्या रोवलेल्या लाखेच्या बांगड्या म्हणजे पूल.

"लक्ष्म्या माहेरपणाला आल्यात, अन् तुमी त्यांना इराणात धाडा!" बायको म्हणाली. पण पेटीतल्या जुन्या बांगड्या तिनंच काढून दिल्या होत्या.

आरास बघायला उस्ताद आले. तिनं पाट सरकवला, "बसा चाचा."

"वाह," ते म्हणाले. नजर मैदानावरून भिरभिर फिरली, कुठंच थांबेना. मग एकदम त्यांनी करवंटीला हात घातला.

"अरे, ही सरळ न्हाई! दरवाजा मैदानाकडं, पण अंग मक्केकडं. आत गेलं की उजवीकडं वळतं माणूस." करवंटी तिरपी झाली. "इथं वळताना अब्बा हात धरायचे. नमाज झाली की मैदान ओलांडून... तांबटांची ठकठक... मग तुतीचं झाड..."

चिखलावरून बोट सरकत गेलं अन् थांबलं. ताटातली सुपारी उचलून त्यांनी तिथं ठेवली.

"यहाँ. घर."

बऱ्याच वेळानं ते उठले. ते गेल्यावर मी कुरकुरलो, "एवढं मांडलं अन् मशीदच चुकली."

बायको म्हणाली, "बरं हाय तुमाला काई धड येत न्हाई ते. समदं बरोबर असतं, तर चाचा वाह वाह करून रिकाम्या हातानं गेले असते."