इंदूचं नारिंगी शेवाळ

इंदू काविळीने गेली. दुसऱ्या दिवशीच्या शोकसभेत आमचे प्राचार्य म्हणाले, "बाई फार सोशिक. कधी तक्रार म्हणून नाही." महिना उलटला तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. कोणाबद्दल बोलत होते हे गृहस्थ...

श्रीरामपूरकडे कालव्याच्या पाण्याने खारवट झालेलं तिच्या वडिलांचं रान. तिथल्या डबक्यातून तिने बाटलीभर पाणी आणलं. त्यात डोळ्यांना न दिसणारं एक शेवाळ होतं, मिठातच सुखाने वाढणारं. ती संगमनेरला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची; तिथल्या प्रयोगशाळेत ती ते काचेच्या चंबूंत वाढवू लागली. मीठ-क्षार घालून पाणी उकळायचं, निवलं की जुन्यातलं थोडं शेवाळ त्यात सोडायचं, तोंडाला कापसाचा बोळा, आणि चंबू खिडकीत. रोज सकाळी आल्या आल्या एकेक चंबू हाताने हलवायचा. मी रसायनशास्त्राची, शेजारच्याच खोलीत. क्षार मी तोलून द्यायचे. मीठ आणि ऊन वाढवलं की हे शेवाळ नारिंगी होतं, असं तिने वाचलं होतं. पण ते आपलं हिरवंच. दुष्काळाच्या उन्हाळ्यात एकदाचा रंग पालटला. तिने मला हाताला धरून ओढत नेलं. "बघ, कसं पिकलंय!"

त्याच आठवड्यात तपासणीची कमिटी यायची होती. कमिटी म्हटली की आमच्याकडे फळ्या भरलेल्या दिसाव्या लागतात, म्हणून चंबूंत मोरचुदाचं निळं पाणी भरून ठेवतात. इंदू वर्गावर असताना प्राचार्य आले, नारिंगी चंबू पाहून "सडलंय हे" म्हणाले, आणि सगळे मोरीत ओतायला लावले. तिला विचारण्याची गरजही वाटली नाही. कमिटीपुढे इंदू स्वच्छ बोलली, "हे शोभेचं पाणी आहे. माझं काम मोरीत गेलं." ही तक्रार नव्हती, तर काय आरती होती? त्यानंतर प्रयोगशाळेची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. घरी एक चंबू होता, म्हणून शेवाळ वाचलं. टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर ती त्याच्यासाठी राखायची. आणि ही म्हणे सोशिक.

परवा तिच्या घरी गेले. तिची आई खिडकीपाशी उभी राहून चंबू हलवत होती.

"इंदी हलवायची, म्हनून मी बी हलवते. मला तेवढंच कळतं."

शेवाळाला आता नवं पाणी हवं होतं. मी म्हटलं, "आई, कॉलेजात नेऊन पाणी बदलून आणते."

त्यांनी चंबू पदराआड घेतला.

"तुमच्या घरी न्या, बाई. कालेजात नगं. तितं वतून देत्यात."