मोकळ्या तोंडाचा मांडव

"तोंड कुनीकडं?"

मांडव लग्नाचा असो, बारशाचा असो की कुणाच्या दहाव्याचा, बांबू खाली टाकायच्या आधी तो एवढंच विचारायचा. मग चिमूटभर माती उचलून बोटांतून सोडायचा, ती वाऱ्यानं कुठं जाते ते बघायचा, आणि तुमच्या उत्तराकडं साफ दुर्लक्ष करून स्वतःला हवं तिकडंच मांडवाचं तोंड ठेवायचा. असा एखादा तुमच्याही गावात असेल बघा. विचारणार सगळ्यांना, करणार मनाचंच.

आमच्या तामलवाडीत मांडव म्हणजे तो. त्याचं नाव सांगत नाही. गावातही कुणी त्याला नावानं हाक मारत नव्हतं, सगळे 'मांडववाले'च म्हणायचे. मी तुळजापूरच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी मी त्याचा 'कंट्रोलर सायेब'.

आमची ओळख पक्की झाली ती गाडीमुळं. मुलगा कॅनडाला गेला तेव्हा त्याची गाडी माझ्याकडं ठेवून गेला. पहिल्या नोकरीत घेतलेली, पांढरी. "दोन वर्षांत येतो बाबा, विकू नका," म्हणाला. उन्हाळा-पावसाळा ती शेजाऱ्याच्या गोदामात उभी राहायची. पण दसऱ्याला सोयाबीनची पोती आली की गोदाम भरलं आणि गाडी बाहेर. तेव्हापासून शिमग्यापर्यंत ती माझ्या अंगणात. पहाटेचं दव, कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ, वरून लिंबावरच्या कावळ्यांची मेहेरबानी. सगळे म्हणाले, पत्र्याचं शेड मारा. मी म्हणायचो, कशाला? पोरगा पुढच्या वर्षी येतोय, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. हा चार महिन्यांचा प्रश्न सहा हिवाळे चालला.

नवरात्रात तुळजापूरला चालत जाणाऱ्या लोकांसाठी रस्त्याकडेला त्याचे मांडव असायचे. ते कोजागरीनंतर उतरले, की तुळशीच्या लग्नापर्यंत त्याचे बांबू रिकामे. मग तो हातगाड्यावर सामान घालून यायचा. तेलाच्या रिकाम्या डब्यांत मुरूम ठासायचा, त्यात बांबू उभे करायचा, वर ताडपत्री, तीन बाजूंना हिरवी जाळी. खड्डा एकही खणायचा नाही. "चार म्हयन्याच्या कामाला जमिनीला कशाला दुखवायचं?" म्हणायचा.

चौथी बाजू मात्र सताड उघडी. मी एकदा तणतणलो.

"अरे, समोरून पण झाक की. धूळ काय तुला विचारून येणार आहे?"

"न्हाय सायेब. गाडी हाय ती. भाईर निघाया पायजे. आन् आठवड्याला धा मिंटं चालू करत जावा. पडून ऱ्हायल्यावर मानसाचं सुदिक सांधं धरत्यात."

"मला शिकवू नकोस. रोज सत्तर गाड्या सोडायचो मी डेपोतून."

"तुमी निसती शिट्टी फुकायचा. चालवायचं डायवर."

आमच्या मंडळी घरात खो-खो हसत होत्या.

तसा तो छळवादीही होता. लग्नसराई भरात आली की सकाळी सकाळी दारात हजर. "सायेब, दोन बांबू नेतो. परवा आनून देतो." त्याचा परवा कधी आठ दिवसांनी यायचा, कधी यायचाच नाही. आठ बांबूंचा मांडव सहावर, सहाचा पाचवर. एका माघात तर माझी गाडी चार बांबूंखाली उभी होती आणि ताडपत्री एका अंगाला अशी झुकली होती की जाणारे-येणारे विचारायचे, काय झालं हो? मी सांगायचो, गाडीचे बांबू लग्नाला गेलेत.

दोन बांबू मात्र तो कुणाच्याच लग्नाला द्यायचा नाही. नवे, सरळ, त्याच्या खोलीत कोपऱ्यात उभे असायचे. गावात कुणी गेलं की तिरडीला ते जायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथं नवे दोन उभे राहायचे. त्याचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. कुणी विषय काढला तर तिथून उठून जायचा.

दोन वर्षांपूर्वी मुलानं व्हिडिओ कॉल केला, तेव्हा हा अंगणात दोर आवळत होता. मुलानं हौसेनं त्याची गल्ली दाखवली. घराघरापुढं पांढरे प्लॅस्टिकचे तंबू. मांडववाला कपाळाला हात लावून बघत राहिला.

"एका गल्लीत एवढी लग्नं?"

मुलगा हसून लोटपोट. मग त्यानं समजावलं, की इथं बर्फ पडतो, म्हणून हिवाळ्यापुरते गाडीसाठी हे तंबू उभे करतात, बर्फ वितळला की उतरवतात. ते ऐकून याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मला इथं लिहून दाखवता येणार नाही. "म्हंजे तितंबी आमचाच धंदा हाय म्हना की!"

मग फोन माझ्या हातातून त्यानं कधी घेतला ते मला कळलंच नाही. "दादा, जरा जवळून दावा. ह्ये बगा, मधी पोट सुटलंय तुमच्या मांडवाचं. तितं बर्फ साठंल आन् बसंल खाली. दोन आडवं दोर घ्या, तानून. वज्जं घरंगळाया पायजे." नायलॉनचा दोर घेऊन त्यानं फोनपुढं तीनदा गाठ मारून दाखवली. घट्ट बसणारी, पण एक टोक ओढलं की सगळी सुटणारी. तिकडं माझा इंजिनियर मुलगा बुटाच्या नाडीवर सराव करत होता. तेव्हापासून मुलाचा फोन आला की "काका कसे आहेत" हे ठरलेलं, आणि याचं "दादांचा मांडव कसा हाय?" हेही ठरलेलं. बापाच्या गुडघ्यांची चौकशी त्यानंतर.

यंदा दसऱ्याच्या आधी मुलाचा फोन आला. या वर्षीही जमत नाही, म्हणाला. मग म्हणाला, "बाबा, ती गाडी विकून टाका आता. किती दिवस सांभाळणार?"

मी बरं म्हणालो. राग आला नाही, रडूही आलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं काहीतरी झालं. गोदामातून गाडी अंगणात आणून लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. रविवारची दहा मिनिटंही बंद. कुणासाठी चालू करायची?

मांडववाला आला तेव्हा सांगून टाकलं, "यंदा मांडव नको. गाडी विकायचीय."

तो हातगाड्याकडं वळला. चिमूटभर माती सोडून बघितली आणि डबे उतरवायला लागला. संध्याकाळपर्यंत मांडव उभा. पुढच्या तोंडाला दोन कोरे, सरळ बांबू.

"हे तर तुझे कोपऱ्यातले."

"असू द्या. विकायची तर विका, पर निगताना तिचं तोंड ताठ पायजे. कुनाला लागलंच तर हितनं नेईन."

जाताना त्यानं काचेतून आत डोकावलं. "चालू करताय न्हवं?"

"करतो," मी म्हणालो. खोटं बोललो.

मग तुळशीचं लग्न झालं, सराई सुरू झाली. पुढं एका दुपारी, जेवून नुकता आडवा झालो होतो, तर अंगणातून त्याच्या बायकोची हाक आली. "सायेब, गाडी काढा! ह्यांच्या छातीत लई दुखायलंय!"

बाहेर आलो तर तो तिच्या खांद्यावर हात टाकून उभा. घामानं सदरा भिजलेला. घर शेजारच्याच गल्लीत, म्हणून चालत आला होता. गावात इतक्या गाड्या, पण त्याला खात्री माझ्या गाडीची. मी किल्ली काढली, बसलो, फिरवली. टक् झालं. पुन्हा फिरवली. टक्. पुढं तोंड मोकळं, रस्ता मोकळा, आणि गाडी ढिम्म.

तो ओट्यावर बसला होता. मी स्टिअरिंगवर मूठ आपटली तसा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायेब. बॅटरी उतरली आसंल." मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

माणसं जमली, गाडी ढकलून बघितली. रुग्णवाहिकेला फोन केला, ती निघाली म्हणाले. तेवढ्यात स्टँडवरून कुणीतरी जीप आणली आणि त्याला घालून सोलापूरच्या रस्त्याला लागले. दवाखाना गाठायच्या आधीच तो गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. सगळ्यांनाच असं म्हणत असतील. पण पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मी ड्रायव्हर लोकांना भर डेपोत झापलेलं आहे. उशीर म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात माणसं खोळंबली होती. तीन गावांत तीन लग्नं, सगळे बांबू तिकडं मांडवाखाली. खोलीतला कोपरा रिकामा. चुलत भाऊ म्हणाला, तुळजापूरहून आणू या का? त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सायबांच्या दारात हायेत दोन."

मी घरी आलो. दोराचं एक टोक ओढलं, गाठ सुटली. दुसरं ओढलं, तीही सुटली. बांबू डब्यांतून हलवून काढले. आधार गेल्यावर ताडपत्री घसरून बॉनेटवर आली आणि गाडीचं तोंड झाकून गेलं. तशीच राहू दिली. दोन्ही बांबू खांद्यावर घेऊन गल्लीतून निघालो, तर लोक पुढं झाले, "द्या इकडं, साहेब." दिले नाहीत. त्याच्या दारापर्यंत मीच नेले. डोळ्यांत पाणी नव्हतं. अजून आलेलं नाही. आमच्या मंडळींना त्याची काळजी वाटते.

परवा मुलाचा फोन आला. खुशीत होता. "बाबा, काल रात्रभर बर्फ पडला. शेजाऱ्याचा तंबू गाडीवर बसला. आपला उभाय! काकांची गाठ. सांगा त्यांना, आणि फोटो पाठवलाय तो पण दाखवा."

त्याला अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू, आणि किती सांगू?

"दाखवतो," म्हणालो.

"आणि गाडी विकली नसेल, तर मधूनमधून चालू करताय ना?"

खिडकीतून अंगण दिसत होतं. ताडपत्री बॉनेटवर तशीच होती.

"करतो," मी म्हणालो.