शेजारच्या खाटेचं दूध

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, पल्मनरी ट्युबर्क्युलॉसिस आहे. म्हणजे फुफ्फुसाचा क्षय. उजवीकडे वरच्या भागात खड्डा पडलाय. त्याला आम्ही कॅव्हिटी म्हणतो. पण घाबरू नका, आता औषधं आहेत."

मी घाबरले नाही. मला आधी आठवली ती माझी तीन वर्षांची मुलगी, जी रोज माझ्याच ताटात जेवत होती.

गेले काही महिने संध्याकाळी अंगात कणकण असायची. वर्गात पाढे म्हणून घेताना धाप लागायची. खडूच्या धुळीनं खोकला येतो असं मीच सगळ्यांना सांगत होते. मग एके सकाळी मोरीत थुंकले आणि त्यात रक्ताची रेघ दिसली. यजमानांनी त्याच दिवशी मला पालघरला डॉक्टरांकडे नेलं.

आम्ही मूळचे कराडकडचे. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा एका ठेकेदाराकडे फिटर म्हणून हे आले. मागोमाग मी आले आणि बोईसरजवळच्या एका शाळेत मला शिक्षिकेची नोकरी लागली. सरावलीला एका खोलीत आम्ही राहत होतो. आजाराचं नाव कळल्यावर शेजारणीनं मला चहा दिलेला कप माझ्यादेखत फोडून टाकला. मुलीला आईकडे कराडला पाठवलं. जाताना तिला जवळही घेता आलं नाही.

मला पालघरजवळच्या एका लहान रुग्णालयात क्षयाच्या वॉर्डात ठेवलं. शाळेनं आजारपणाची रजा दिली आणि अर्धा पगार चालू ठेवला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या अर्ध्या पगारावरून घडलं.

ज्यांना हा आजार होईल त्यांनी एक गोष्ट आधीच ओळखून ठेवावी. यात खोकल्यापेक्षा किळसच जास्त सोसावी लागते. खाटेखाली फिनेल घातलेला पत्र्याचा डबा, त्यात थुंकायचं. सकाळी तो डबा तपासणीला जाई. त्या तपासणीला स्पुटम टेस्ट म्हणतात, म्हणजे बेडक्यात जंतू आहेत का ते बघणं. कमरेत स्ट्रेप्टोमायसिनची सुई रोजची. त्यावर पीएएस नावाचं औषध, मूठभर गोळ्या. त्या गिळल्या की पोट ढवळून निघे आणि तोंडाला दिवसभर गंजल्यासारखी चव राही. जेवण समोर आलं की उमासा यायचा. आणि डॉक्टर सांगायचे, "खा. हे औषध उपाशी पोटी चालत नाही. औषध जंतू मारेल, पण अंग अन्नच भरून काढणार."

माझ्या शेजारच्या खाटेवर जानी होती. डोंगरपट्टीतली वारली बाई. वय माझ्याएवढंच असेल, पण हाडं मोजून घ्यावीत अशी झालेली. तीही त्याच बांधकामावर सिमेंटच्या पाट्या वाहायची. भातकापणी उरकली की नवराबायको डोंगरातून खाली येत, कामं करत आणि पेरणीला परत जात. ती खोकायला लागली तसं मुकादमानं तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिची आजारपणाची रजा ती एवढीच.

जानी सगळ्यांनाच 'तू' म्हणायची, डॉक्टरांनासुद्धा. मला म्हणाली, "तू कामाला जात नाय, तरी पगार कसा देतात तुला?"

मी तिला रजा म्हणजे काय ते समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा हाय. आजारी पडाला पन नोकरी लागते."

ती चिडून म्हणाली नाही. तिला ते तसंच समजलं होतं.

क्षयरोग्यांना मदत करणारी एक कमिटी त्या भागात होती. देणगीदारांचे पैसे गोळा करून ती रोग्यांना दूध, अंडी, शार्क माशाच्या तेलाच्या बाटल्या आणि दरमहा थोडी रोख मदत देई. एक दिवस कमिटीचे सेक्रेटरी वॉर्डात आले. नाकाला अत्तराचा रुमाल. दाराजवळच उभे राहून त्यांनी परिचारिका फिलोमिनाबाईंना एकेकीची माहिती विचारायला सुरुवात केली.

माझी पाळी आल्यावर मीच म्हणाले, "साहेब, मला शाळेचा अर्धा पगार मिळतो. मला ही मदत घेता येईल का?"

"अहो, तुम्हालाच तर मिळणार," ते म्हणाले. "तुमची नोकरी आहे, तुम्ही बऱ्या होऊन कामावर जाणार. आमचे देणगीदार विचारतात, पैशाचं पुढं काय झालं. पगारपत्रकावर नाव असलं की माणूस खात्रीचा."

"आणि ही?" मी जानीकडे हात केला.

त्यांनी रुमाल नाकावरून काढलाही नाही. "हिचं कुणी सांगणार का, ही कुठं कामाला होती? चार दिवसांनी उठून डोंगरात जाईल. हिच्यावर घातलेलं दूध वाया."

जानी तीन हातांवर बसली होती. तिला मराठी कळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्टुलावर दूध आणि अंडी येऊ लागली. जानीच्या स्टुलावर रुग्णालयाची पातळ डाळ आणि भात. मी पेला तिच्यापुढे सरकवला. तिनं तो परत सरकवला.

"नको. आज तू देशील. तू घरी गेलीस, मंग कोन देल?"

तरी मी अंडं सोलून तिच्या हातात दिलं. तिनं ते खाल्लं. फिलोमिनाबाईंनी पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. दोनचार दिवसांनी मात्र डॉक्टर माझ्या खाटेशी आले.

"बाई, तुमचं वजन उतरतंय," ते म्हणाले. "अर्धं दूध तुम्ही प्यायलात आणि अर्धं तिनं, तर दोघींपैकी एकही बरी होणार नाही. मी निर्दयपणानं बोलत नाही. तुमची पोर कराडला वाट बघतेय. आधी बऱ्या व्हा, मग माझ्याशी भांडा, कमिटीशी भांडा."

त्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून दूध प्यायले. सांगायला लाज नाही, कारण मला जगायचं होतं.

रविवारी यजमान भेटायला आले तेव्हा मी त्यांच्यावरच उखडले. मी म्हणाले, "त्या मुकादमाला धरून आणा. त्यानं नुसतं तोंडानं सांगायचं, ही बाई कामाला होती म्हणून."

"सुमन, तू आधी स्वतःचं बघ," हे म्हणाले. "आपल्याला हक्कानं मिळतंय, ते घ्यावं. उगाच वाकड्यात शिरू नये. मला तिथंच काम करायचंय." मग त्यांनी जानीकडे पाहिलं. ती आमच्यासाठी खाटेवरून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली होती, नवराबायकोला बोलता यावं म्हणून.

पुढच्या रविवारी हे मुकादमाला घेऊन आले. कसं जमवलं ते मी विचारलं नाही. सेक्रेटरीही त्या दिवशी यायचे होते. मुकादम उत्तरेकडचा, दारात चपला काढून अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, "हाँ साब, हमारे पास काम करती थी. अच्छा काम करती थी."

सेक्रेटरींनी विचारलं, "आजारी पडल्यावर तिला काही पगार दिला?"

"नहीं साब. रोजी पे थी. जिस दिन काम, उस दिन पैसा."

"झालं तर मग," सेक्रेटरी आमच्याकडे वळले. "आजारपणाचा पगार मिळत नाही, म्हणजे ही नोकरीच नव्हे. आमच्या नियमात बसत नाही."

यजमान शांत माणूस. ते म्हणाले, "साहेब, माझ्या बायकोला पगार मिळतो म्हणून मदत मिळते. हिला पगार मिळत नाही म्हणून मदत मिळत नाही. तुमचा नियम एकदा तुम्हीच मोठ्यानं म्हणून बघा."

"फिटरसाहेब, नियम मी केलेला नाही," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. मला तेव्हा खरोखर उलटी झाली. फिलोमिनाबाईंना वाटलं, गोळ्यांनी झाली.

भातकापणी सुरू झाली तसा जानीचा नवरा तिला न्यायला आला. औषधानं ताप उतरला होता, तेवढ्यावर तिला बरं वाटत होतं. डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. "आत्ता औषध सोडलंस तर जंतू पुन्हा उठतील आणि मग याच गोळ्यांना दाद देणार नाहीत. याला रेझिस्टन्स म्हणतात."

नवरा खाली बघून म्हणाला, "सायब, हितं ती भातच खाते, घरी पन भातच खाल. पन ती हितं रायली तर आमी काय खावा? शेत कापाला मानूस नाय."

डॉक्टरांनी गोळ्यांची पुडकी बांधून दिली. जानीनं जाताना माझ्या गालाला हात लावला. त्या वॉर्डात इतक्या दिवसांत मला आपणहून हात लावणारी ती एकटीच.

माझी बेडका-तपासणी हळूहळू निगेटिव्ह येऊ लागली, म्हणजे जंतू सापडेनासे झाले. कॅव्हिटी भरत आली. मी घरी गेले, मुलगी परत आली, मी शाळेत रुजू झाले. एक दिवस बोईसरच्या बाजारात लाकडाची मोळी विकायला बसलेला जानीचा नवरा भेटला.

"जानी कशी आहे?" मी विचारलं.

"गेली," तो म्हणाला. "शिमग्याच्या आदी."

त्यानं मोळी माझ्या हातात ठेवली आणि पैसे घेईना. मीही ती कशी घेणार? आम्ही दोघं तशीच उभी राहिलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कमिटीचा वार्षिक समारंभ होता. बरे झालेले रोगी देणगीदारांना दाखवायचे होते आणि मला लिहिता-वाचता येत होतं, म्हणून आभाराचं भाषण माझ्याकडे आलं. यजमान म्हणाले, "जायचं नसेल तर नको जाऊ." मी गेले.

आम्हाला रांगेत उभं केलं होतं. आजारी असतानाचं वजन आणि आत्ताचं वजन वाचून दाखवत होते. प्रत्येक आकड्याला टाळ्या पडत होत्या. बाजारात बकऱ्याला असंच चाचपून बघतात. मग माझं नाव पुकारलं.

मी म्हणाले, "तुमच्या दुधानं मी जगले. त्याबद्दल मी आभारी आहे, आणि हे मी मनापासून म्हणते. पण घरात अर्धा पगार येत होता अशा बाईला तुम्ही ते दूध दिलंत. शेजारच्या खाटेवरच्या जानीच्या घरात काहीच येत नव्हतं, म्हणून तिला दिलं नाहीत. ती मेली. तुमचा नियम मला किळसवाणा वाटतो."

अध्यक्ष शेजारच्यांशी काही बोलत होते. मी थांबलेली पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. फक्त मागे बसलेल्या डॉक्टरांनी वाजवल्या नाहीत. ते उठून उभे राहिले होते.

ज्यांना आजारपणाचा पगार मिळतो आणि वर मदतही मिळते, त्यांनी ती जरूर घ्यावी. औषध पूर्ण घ्यावं, दूध प्यावं, बरं व्हावं. मी घेतलं नसतं तर आज माझ्या मुलीला आई नसती. फक्त भिंतीकडे तोंड करून पिऊ नये. देणाऱ्याकडे बघावं आणि शेजारच्या खाटेचं काय, हे विचारत राहावं.

मंचावरून उतरताना सेक्रेटरी पायरीशी उभे होते. रागावले असतील असं मला वाटलं होतं. पण ते अगदी सरळ मनानं, खरोखरच आठवत नसल्यासारखे म्हणाले, "बाई, भाषण चांगलं झालं. पण ही जानी कोण?"