पडवळ नक्की कुणाचा

...तर वीणा फाटकाशी उभी, हातात माहेरच्या चिवड्याचा डबा, आणि आत हाफनरबाईंच्या बागेत तिचाच कुत्रा गळ्यात नवा लाल पट्टा घालून बसलेला; इथवर काल आलो होतो आपण. बाई हसत फाटक उघडतात काय आणि "भेटायला आलीस? ये, ये, माक्स आत्ताच जेवलाय," म्हणतात काय! माक्स! अहो, त्याचं नाव पडवळ!

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. वीणा चिपळूणची. नवरा गुरुदत्त कॉम्प्युटरमधला माणूस. दोन हजार पाच साली जर्मनीत कार्ल्सरूहेला नोकरीला लागला आणि पुढच्या वर्षी लग्न करून हिलाही घेऊन गेला. तो सकाळी ऑफिसात गेला की हिच्या सोबतीला चार भिंती. बाहेर पडावं तर रस्ते कसे स्वच्छ, माणसं कशी नीटनेटकी, पण बोलायला कुणी नाही. अशात गुरुदत्तचा एक मित्र म्युनिकला बदलून गेला. तिथं भाडी आभाळाला टेकलेली, त्यात नव्या घरमालकाला कुत्रा चालेना. मग त्यानं आपला डाकेल जातीचा कुत्रा ह्या दोघांच्या गळ्यात घातला. डाकेल म्हणजे पाय बोटभर आणि अंग हातभर. वीणा बघताक्षणी म्हणाली, "अगंबाई, हा तर मांडवावरचा पडवळ!"

आणि काय नवल सांगू! पडवळाला घेऊन ती रस्त्यावर निघाली, की कालपर्यंत नाकासमोर चालणारी माणसं थांबून, वाकून बोलायला लागली. केवढा आहे, काय खातो, चावतो का. बेकरीवाली हात हलवायला लागली. ट्रॅममधले म्हातारे सरकून जागा द्यायला लागले. वीणा जर्मन शिकली ती निम्मी वर्गात आणि निम्मी त्या कुत्र्याच्या दोरीला धरून. त्या गावात तिला कुणी ओळखत होतं ते पडवळाची बाई म्हणूनच.

तळमजल्यावर हाफनरबाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, बागेतल्या गुलाबांशी बोलत बसायच्या. भावाच्या लग्नाला वीणा आणि गुरुदत्त महिनाभर चिपळूणला निघाले, तेव्हा पडवळाला त्यांच्याकडं ठेवायचं ठरलं. बाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "किती गोड कुत्रा आहे तुझा!"

आता आपल्याकडं कुणी लुगडं छान म्हटलं तर आपण काय म्हणतो? घ्या की, तुमचंच आहे! समोरची म्हणते, नको नको. आपण म्हणतो, अहो घ्याच. ती पुन्हा नको म्हणते, आणि लुगडं आपल्याच पेटीत राहतं. वीणाच्या तोंडून तेच गेलं, फक्त जर्मनमधून. "तुमचाच आहे!"

बाई चपापल्या. "खरंच?"

"खरंच!"

"गांझ जिशर?" अगदी नक्की ना, असं त्यांनी पुन्हा विचारलं.

आता आग्रहात मागं राहील ती चिपळूणची कसली! "गांझ जिशर!" म्हणाली, आणि वर पडवळाचा वाडगा, पांघरूण, लशींचे कागद सगळं त्यांच्या हातात ठेवलं. बाईंचे डोळे भरून आले. हिला वाटलं, काय मायाळू बाई आहे! पण नको नको म्हणायचं असतं, हे त्या बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं हो.

तर परत आल्यावर त्या दिवशी वीणा बागेत बसली, बाईंनी दिलेला केक खाल्ला, पडवळाला कुरवाळलं आणि रिकाम्या हातानं वर आली.

"पडवळ कुठाय?" गुरुदत्तनं विचारलं.

"खाली. झोपलाय."

"मग उचलून आणायचा ना!"

"त्यांचा झालाय तो आता. माक्स नाव ठेवलंय."

"आणि तू काय म्हणालीस?"

"नाव छान आहे म्हणाले."

गुरुदत्तनं कपाळावर हात मारून घेतला. "आल्झो, म्हणजे बरं तर, मी जातो. दोन वाक्यांचं काम आहे."

"तू जायचं नाहीस. माझ्या तोंडानं दिलाय मी."

मग रोज ती काहीतरी घेऊन खाली जायची. कधी शिरा, कधी थालीपीठ. आपल्याकडं चेहरा बघून माणूस ओळखतं, हिच्या मनात काहीतरी आहे म्हणून. हाफनरबाई थालीपीठ चवीनं खायच्या आणि कृती विचारायच्या. निघताना पडवळ फाटकापर्यंत मागं यायचा, फाटक लागलं की आतून बघत राहायचा. वीणा जिन्यात बसून विचार करायची. बाईंनी चोरी केली नव्हती, पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं. त्याही आता सकाळी फिरायला जायच्या, बेकरीवाली त्यांनाही हात हलवायची. बोलावं तर त्या एकट्या पडणार, न बोलावं तर आपण. आणि दोघींपैकी कुणी एकटं पडायचं, हे ठरवायचं कुणी?

एका दुपारी कॉफी ओतता ओतता बाई म्हणाल्या, "पहिल्या तारखेला मी बाड हॉम्बुर्गला बहिणीकडं राहायला चालले. माक्सला तिथं बाग मोठी मिळेल."

वीणानं कप खाली ठेवला. टेबलाखाली पडवळ तिच्या पावलावर हनुवटी टेकून पडला होता.

"फ्राऊ हाफनर, तो माझा आहे," ती म्हणाली. "मी दिला नव्हता. आमच्याकडं असं बोलायची रीत आहे, आणि समोरच्यानं नको म्हणायची. मला तो परत हवाय."

इतकं उघडं बोलणं तिनं माहेरी केलं नव्हतं, सासरी केलं नव्हतं.

बाई उठल्या आणि खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. पडवळ त्याच संध्याकाळी जिना चढून घरी आला, हे आत्ताच सांगून टाकतो, उगीच जिवाला घोर नको. चढून म्हणजे वीणाच्या काखेतून. त्याचे पाय कुठले जिना चढायला! पण त्याआधी बाई वळल्या. डोळे लाल, आवाज करडा.

"रोज येऊन खायला देत होतीस. तेव्हाच का नाही बोललीस? आता मला किती लागलंय, कळतंय का तुला?"

वीणा म्हणाली, "कळतंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले, आणि गप्प बसून दुप्पट वाईट केलं. आता वाटू दे. मी पडवळाला घेऊन बाड हॉम्बुर्गला येईन, तुम्ही पोटभर रागवा, मी ऐकून घेईन. पण परतीच्या गाडीत तो माझ्या पायाशी असेल."