बारके रोलर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट कळत नाही. आणि ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? केसांचे रोलर?

हो, केसांचे रोलरच.

माझी नणंद शिवलीला, घरात नुसती लीला. तिची वेणी गुडघ्यापर्यंत यायची. उदगीरला आमच्या गल्लीत तिचं नाव आठवलं नाही की लोक 'ती वेणीवाली' म्हणायचे. रविवारी सासूबाई तिला पुढ्यात घेऊन तेल लावत बसायच्या, मी आत भाकरी थापत असायचे. बाळंतपणानंतर माझे केस मूठभरही उरले नव्हते. सासूबाई हसत म्हणायच्या, "तुझ्या डोक्याला तेल बी लई लागत न्हाई बघ." मीही हसायचे. मला हेवा वाटायचा — सरळच सांगते. तिच्या केसांचा, की ते तेल लावणाऱ्या हातांचा? अजून ठरवता येत नाही.

तिच्या साखरपुड्याला मुरूडहून पाहुणे येणार होते. मोबाइलवर बघून बघून तिला केस कुरळे करून मोकळे सोडायचे होते. तापवायच्या मशीननं केस जळतील म्हणून सासूबाईंनी रोलर आणायचं ठरवलं आणि निवडायला मला धाडलं. वहिनीला त्यातलं कळतं, असं लीलाच म्हणाली होती.

दुकानात दोन पाकिटं समोर होती. मोठे हिरवे, बारके गुलाबी. दोन्हींना बारीक काटे, केस धरून ठेवायला. मी बराच वेळ नुसती उभी. बारक्यांनी केस घट्ट कुरळे होतात — असंच वाटलं होतं ना मला? का रंग आवडला होता? मी बारके घेतले.

साखरपुड्याच्या सकाळी मीच ते तिच्या ओल्या केसांत गुंडाळले, टोकापासून पार खांद्यापर्यंत. दुपारी सोडायला गेले तर निघेनात. ओढावं तितके आत रुतायचे. तेल चोपडलं, कंगव्याचं टोक घालून पाहिलं — ती ओठ दाबून बसून होती. बाहेर पाहुण्यांच्या गाडीचं दार वाजलं. "कापा वहिनी," ती म्हणाली. सासूबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. कात्री माझ्याच हातात होती.

आता ते सांगते. दुकानातल्या बाईनं मला बजावलं होतं, "ताई, लांब केसाला मोठेच न्या. बारके लई गुततेत, मग निघत न्हाईत." मी मान डोलावून 'हाव' म्हणाले होते. 'हाव' म्हणून बारके उचलले होते. आणि घरी सगळ्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं — त्या बाईनंच हे दिले. सासूबाई दुकानात जाऊन तिला वाट्टेल ते बोलून आल्या. मी रडत होते, खरंच रडत होते. आणि लीला, खांद्यावर आलेल्या त्या वाकड्यातिकड्या केसांनिशी, मलाच जवळ घेऊन समजावत होती. मी तिला समजावू दिलं.

तिचे केस कापावे लागावेत, असं मला हवं होतं का? नाही. एक दिवस ते जरा वाईट दिसावेत, एवढंच? बहुतेक. खरंच माहीत नाही. साखरपुडा झाला, लग्नही नीट पार पडलं. केस मात्र तिनं पुन्हा वाढवले नाहीत.

ती आता लातूरला असते. गेल्या महिन्यात तिच्या मुलीच्या गॅदरिंगसाठी आम्ही दोघी गोलाईच्या बाजारात रोलर घ्यायला गेलो. पोरीची वेणी कमरेखाली गेलीय. दुकानदारानं दोन पाकिटं पुढं ठेवली, तशी लीलानं ती माझ्याकडं सरकवली.

"तुमीच बघा वहिनी. मागं आपन दोघी फसलो होतो."

आपण दोघी.

मी मोठे उचलले. तिनं पाकिटाकडं न बघताच ते पिशवीत टाकलं.