मक्यातला माणूस

फाईल केव्हाच बंद झाली, पण ती घटना अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मोताळा तालुक्यात ठाणेदार होतो. एका गावच्या पोलीस पाटलाचा सकाळीच फोन आला. गावातला एक गृहस्थ तीन आठवडे कुणाला दिसला नव्हता, त्याचे कपडे मात्र रोज दोरीवर वाळत होते. बायको विचारणाऱ्याला ‘वावरात हायेत’ एवढंच सांगायची.

दुपारी साध्या वेशात त्यांच्या शेतावर गेलो. मक्यात एक माणूस पाठमोरा उभा होता. दोनदा हाक मारली, तो वळला नाही. जवळ गेलो तर बुजगावणं. अंगात नवऱ्याचा सदरा, डोक्याला त्याचाच दुपट्टा. समोर ती बाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती. काहीतरी विचारायची, उत्तरासाठी थांबायची आणि मान डोलवून पुढे बोलायची. नोकरीत प्रेतं कमी पाहिली नव्हती, पण अंगावर काटा आला तो त्या भर दुपारी.

बुजगावण्याखालची माती ताजी उकरलेली होती. मी तिथेच ठरवून टाकलं, हिनेच नवऱ्याला संपवलं.

नायब तहसीलदारांना बोलावलं, दोन पंच घेतले, महिला शिपाई सोबत ठेवली. नियमात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. अर्धं गाव बांधावर जमलं. सगळ्यांसमोर मी चढ्या आवाजात विचारलं, नवरा कुठे आहे? तिने पदर तोंडाला लावला आणि गप्प राहिली. गप्प बसणारा माणूस गुन्हेगारच, अशी तेव्हा माझी अक्कल. कमरेइतकं खणलं. दगडांखेरीज काही निघालं नाही.

ठाण्यात महिला शिपाईने तिला चहा दिला, दार लोटून घेतलं, तेव्हा कुठे ती बोलली. नवऱ्याला भास व्हायचे. तिच्या भावाने त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं. इकडे मुलीची सोयरीक जमलेली. घराण्यात वेड आहे म्हणून पाहुणे फिरतील, ही धास्ती. म्हणून ती धुतलेलेच कपडे रोज भिजवून वाळत घालायची. शेतात मात्र न धुतलेला सदरा. माणसाच्या घामाच्या वासाने रानडुकरं बिचकतात. आणि वाटेने जाणाऱ्याला बाई एकटी आहे असं वाटू नये, म्हणून ते बोलणं. वाऱ्याने पडलेलं बुजगावणं तिने आदल्याच दिवशी पुन्हा रोवलं होतं.

रुग्णालयात फोन लावला. शब्द न् शब्द खरा निघाला.

तोवर शेत खणल्याची बातमी पाहुण्यांपर्यंत पोचली होती. नवऱ्याला मारणाऱ्या बाईची पोरगी नको, असा संध्याकाळीच निरोप आला. मला फार लाज वाटली. मी स्वतः जाऊन त्यांची समजूत घालतो म्हणालो. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

“काय सांगसान त्याईले, साहेब? ते जिते हायेत म्हनसान, तं कुठी हायेत हे बी सांगा लागन. मले एकटीले इचारलं असतं, तं म्या सांगतलं असतं.”



पुढे कुणाचं वागणं विचित्र दिसलं की मी आधी त्याला बाजूला घेऊन, दार लोटून विचारायचो. त्या सवयीचं खात्यात कौतुकही झालं. जिची सोयरीक मोडून मी ती शिकलो, त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायला त्या गावात जायची हिंमत मात्र मला आजवर झालेली नाही.