आबांच्या नावावरची गाडी

किसनआबा गाडी अनवाणी चालवायचे. वहाणा काढून सीटखाली सारायच्या आणि मगच पाय आत घ्यायचा. तळेगावच्या बाजारात एकदा कुणीतरी टोमणा मारला, की ही गाडी आहे की देऊळ? बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आबांनी देवळाकडं वळून पाहिलं नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "देवळात मला घेत कोन व्हतं? चामड्यातनं इंजिनाचं कळत न्हाई, तळपायाला कळतं."

गाडी होतीच तशी. विलायती, सायीच्या रंगाची, आणि काळं कापडी छप्पर मागं दुमडलं की सगळी उघडी. मूळची एका लहानशा संस्थानाच्या राजाची. संस्थान गेलं तेव्हा दौंडच्या एका रेल्वे ठेकेदारानं ती घेतली आणि धुण्यापुसण्याला आबांना ठेवलं. आबा तिथंच चालवायला शिकले. ठेकेदार थकल्यावर ती माझ्या काकांनी तळेगाव ढमढेऱ्याला आणली, आबांसकट. "जॅक आला, स्टेपनी आली, तसा मीबी आलो," असं आबा सांगायचे आणि आम्ही हसायचो. आता तो विनोद माझ्या घशाखाली उतरत नाही.

काका ती आसपासच्या लग्नांना द्यायचे. वरातीत नवरदेवाला ऐटीत दुमडलेल्या छपरावर बसायचं असायचं. आबा इंजिन बंद करायचे, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायचे. वाजंत्री थांबायची, वऱ्हाडी चिडायचे, आणि शेवटी नवरदेव मुकाट्यानं सीटवर उतरायचा. गाडीवर गुलाल पडला तर कुणाला पाणी लावू द्यायचे नाहीत. ओलं केलं की रंग बसतो म्हणायचे, आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं तास न् तास तो कोरडाच झटकत राहायचे. निमोण्यापासून दौंडपर्यंत किती वराती त्या गाडीनं मिरवल्या, पण ती वाटेत बंद पडली असं कधी झालं नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काकांनी संपत्तीकराची धास्ती घेतली. मी नुकताच शिरूरला वकिली करू लागलो होतो आणि अक्कल पाजळायला घरचंच गिऱ्हाईक मिळालं. मी सुचवलं, गाडी किसनआबांच्या नावावर करून टाका, ते कुठं पळून जातायत? इंग्रजी फॉर्म घेऊन मीच त्यांच्याकडं गेलो. कसला कागद, असं त्यांनी विचारलं. गाडीचा आहे, एवढंच मी म्हणालो. आबांना सही येत होती, इंग्रजी येत नव्हतं. पुढं आरसी बुक काकांच्या कपाटात गेलं. आमच्या भागात ती गाडी अडवून कागद मागणारा पोलीस जन्माला यायचा होता.

दोन-तीन वर्षांनी आबांनी काकांकडं जन्मात एकदाच काही मागितलं. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सुशीलाचं, लग्न ठरलं होतं. जावई दौंडला रेल्वेत. लग्न तळेगावात, आमच्याच गावात. पाठवणीपुरती गाडी द्या, पेट्रोल माझं, असं ते पायरीखाली उभं राहून म्हणाले. मी काकांशेजारी खुर्चीत बसलो होतो. काकांनी आवाजही चढवला नाही. "किसन, तुझी पोरगी एकदा त्यात बसली, की आपल्यातला एक नवरदेव त्या गाडीत बसायचा नाही."

आबा बरं म्हणाले आणि गेले. काका, गाडी त्यांचीच आहे की हो, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. समोर आलेला चहा घेतला. लिहायला लाज वाटते, पण घेतला. सुशीला एसटीनं सासरी गेली.

त्यानंतर दोन वर्षांनी काकांना गाडीचा कंटाळा आला. मुंबईचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन ती विकत घ्यायला आला. त्यानं बॉनेट उघडलं, छपराच्या शिवणीवरून हात फिरवला आणि काय राखलीय हो तुम्ही, म्हणून काकांना शाबासकी दिली. काकांनी ती घेतली. मग तो आरसी बुक उघडून गाडीचे एकेक मालक आपल्या वहीत उतरवू लागला. राजेसाहेब, ठेकेदार, काका. शेवटी थांबला आणि विचारलं, हे किसन रामा कोण?

आबा मडगार्ड पुसत होते. "मीच की," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "माझ्या नावावर हाय व्हय?"

फक्त कागदोपत्री, असं काहीसं मी बोललो.

"कवापासनं?"

मी सांगितलं. आबांनी फडक्याची घडी केली. "म्हंजी सुशीच्या लग्नात माझीच व्हती." मी मान हलवली. "मग मला न्हाई कोन म्हनलं?"

काकांनी विक्रीचा कागद पुढं सरकवला. आबा त्या क्षणी सही करत नाही म्हणाले असते, तर कायद्यानं गाडी जागची हलली नसती. हे तिथं एकट्या मला ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नाही. आबांनी सही केली. वर त्या शौकिनाला थंडीत चोक किती ओढायचा, छपराची कुठली बिजागरी जपायची, हे सगळं समजावून दिलं. गाडी गेली. आबा घरी गेले, ते पुन्हा आमच्या दारात आले नाहीत.

वर्षाच्या आत ते दौंडला लेकीकडं वारले. मी भेटायला गेलो. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये सुशीलानं बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. आबांच्या चार गोष्टी झाल्या. मग ती म्हणाली, "वकीलसाहेब, येक सल राहिली बगा. गावाच्या समद्या लग्नांना ती गाडी गेली. माझ्या लग्नात आबा म्हनले, बिघडलीया. कदी न्हाई ती बिघडली आन् माझ्याच टायमाला? मला वाटतं, मागायची हिंमतच झाली नसंल त्यांची. तुम्हाला ठावं असंल. खरंच बिघडली व्हती का?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी म्हणालो, "हो. बिघडली होती."